ती छापील नव्हेत, आणि फोटोही नव्हेत

सतराव्या शतकातल्या डच जहाजचित्रांबद्दल एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : ही काळीपांढरी चित्रं छापील आहेत, रंग परवडत नसत म्हणून शाईवर भागवलं, आणि चित्रकार ऐन लढाईत बसून समोर दिसेल ते काढायचा, म्हणजे हे त्या काळचे फोटोच. पहिली दोन विधानं सरळ चूक आहेत. तिसरं अर्धं खरं आहे, म्हणून त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

आधी छपाईचं. या चित्रांचा डच चित्रकार विलेम फान द वेल्ड (थोरला, म्हणजे बाप; मुलाचंही नाव तेच; १६११–१६९३) लाकडी फळीवर किंवा कॅनव्हासवर पांढऱ्या रंगाचा गुळगुळीत लेप द्यायचा आणि त्यावर लेखणीने, शाईने एकेक रेघ ओढायचा. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रासारखं ते दिसतं, हे कबूल. पण छपाईला ठसा लागतो, प्रती निघतात. इथे हातानं काढलेलं एकच चित्र असतं. डच भाषेत त्याला लेखणीचित्र असंच नाव आहे.

रंग परवडत नसल्याचं म्हणणं तर टिकतच नाही. अशी चित्रं इटलीतल्या मेडिची या श्रीमंत राज्यकर्त्या घराण्यापर्यंत पोचली. आणि १६७४मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने थोरल्या विलेमला समुद्री लढाया रेखाटण्यासाठी वर्षाला १०० पौंड लावून दिले, तेवढेच त्याच्या मुलाला त्या रेखाटनांत रंग भरण्यासाठी. बापाची रेघ आणि मुलाचा रंग, दोन्हींचं मोल सारखं.

आता फोटोचं. विलेम लढाईत हजर असायचा, हे खरंच आहे. डच आणि इंग्रज आरमारांमधल्या १० ऑगस्ट १६५३च्या टरहाइडेच्या लढाईत तो गॅलियट नावाच्या लहान गलबतातून रेखाटनं करत होता, १६६६च्या चार दिवसांच्या लढाईतही. तोफांच्या धुरात हलत्या गलबतावर बसून काम करण्याची ती हिंमत मला फार मोठी वाटते. पण ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं टरहाइडेचं मोठं लेखणीचित्र १६५७चं आहे, म्हणजे चार वर्षांनंतर कार्यशाळेत जुळवलेलं. त्यात पुढेच त्याने स्वतःला गॅलियटमध्ये रेखाटताना दाखवलंय. समुद्रावर काढताना त्याला स्वतःला असं बाहेरून बघता आलं असतं का? त्याच संग्रहालयात डच आणि स्पॅनिश आरमारांमधल्या डाउन्सच्या लढाईचंही चित्र आहे : लढाई १६३९ची, चित्र १६५९चं. वीस वर्षांचं अंतर ठेवून कोणी फोटो काढत नाही.

प्रत्यक्ष पाहून केलेल्या नोंदी हव्या असतील तर त्याच्या कागदावरच्या रेखाटनांकडे जावं. पेन्सिलीच्या घाईच्या रेघा, वर करड्या रंगाचा हलका हात, कुठे शेजारी हातानं लिहिलेली टिपणं. जहाजाच्या मागच्या बाजूचं कोरीवकाम तो इतकं नीट टिपतो की त्यावरून अभ्यासक आजही जहाजाचं नाव ओळखतात. बापलेकांची अशी हजाराहून अधिक रेखाटनं ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहेत, आणि रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयातही मोठा साठा आहे.