यंत्र आधी की झाड आधी?

ऑलिव्हच्या शेतीवरच्या एका लेखात म्हटलंय की यंत्र आलं की ऑलिव्ह तोडणीचा मजुरीखर्च आपोआप उतरतो. ‘आपोआप’ या शब्दाशी माझं भांडण आहे. ऑलिव्हचं फळ जेमतेम दोन-चार ग्रॅमचं आणि देठ चिवट. खोड धरून हलवणारं यंत्र जड फळ सहज पाडतं, हलकं फळ मात्र फांदीबरोबर नुसतं झुलत राहतं. त्यात झाड जुनं, जाड किंवा अनेक खोडांचं असेल तर हादरा शेंड्यापर्यंत पोहोचतच नाही. मग उरलेली फळं काठ्यांनी झोडपायला माणसं लागतातच!

झाडांच्या ओळीवरून चालत जाणारी मोठी यंत्रं वेगाने काम करतात हे खरं. पण त्यांच्यासाठी बागच वेगळी लावावी लागते: हेक्टरी दीड-दोन हजार झाडं, कुंपणासारखी छाटलेली, आणि आर्बेकिना, आर्बोसाना, कोरोनेइकी अशा मोजक्याच बुटक्या जाती. म्हणजे यंत्र झाडाच्या मापाचं नाही, झाडच यंत्राच्या मापाचं. शिवाय हे सगळं तेलासाठी. खाण्याच्या ऑलिव्हवर मार बसला की डाग पडतो, तिथे हाताला अजून तोड नाही.

रात्रीच्या तोडणीचा तर लेखात उल्लेखच नाही. गारव्यात तोडलं की तेलाचा सुगंध टिकतो म्हणून ती करत, पण झाडात झोपलेले पक्षी दिव्यांनी भांबावून यंत्रात सापडत. स्पेनमधल्या आंदालुसियात २०१९ मध्ये ती थांबवावी लागली. खर्चाच्या हिशेबात हेही धरणार का?