पॅलेस्टिनी बायका आणि पूतनामावशीचं प्रेम

गेली दोनेक वर्षं मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच राहतात. पॅलेस्टिनी बाईला शिक्षण नाही, घराबाहेर पडायची मुभा नाही. हक्कांसाठी तिथे कुणी कधी तोंड उघडलेलं नाही. तिला गांजतात ते तिचेच पुरुष, इस्रायलच्या ताब्याचा त्यात काय संबंध? म्हणून आपल्याकडच्या ज्या बायका गाझाबद्दल बोलतात, त्या ढोंगी. खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’. पटलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

शिक्षणाचं आधी उरकून घेऊ. पॅलेस्टिनी स्त्रियांची साक्षरता ९५ टक्क्यांहून जास्त आहे आणि विद्यापीठांत मुली मुलांपेक्षा अधिक आहेत. (२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या स्त्रियांची साक्षरता ७६ टक्क्यांच्या आसपास होती, तेव्हा आपण जरा बेतानंच बोलावं.) इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँक भागात रामल्ला शहराजवळ असलेलं बिरझेत विद्यापीठ मुळात १९२४ साली नबीहा नासिर यांनी काढलेली मुलींची छोटी शाळा होती. गाझातल्या मुलींची कॉलेजं युद्धात बंद पडली हे खरं, पण ती कुठल्या फतव्यानं नव्हे, बॉम्बनं.

खरं दुखणं या मजकुराला दिसलेलंच नाही. एवढ्या शिकूनही नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली आहे. लग्नानंतर घर सांभाळायचं ही रीत त्याला कारण आहेच. पण गावापासून ऑफिसपर्यंतच्या रस्त्यावर इस्रायली लष्करी नाका असेल आणि तो कधी उघडेल याचा भरवसा नसेल, तर लहान मूल घरी ठेवून रोज कोण निघेल? रीत आणि नाका एकमेकांना हातभार लावतात.

‘तिथे कुणी कधी बोललंच नाही’ हे वाचून तर हसावं की रडावं कळत नाही. पॅलेस्टाईनवर ब्रिटिशांचा अंमल होता, तेव्हा ऑक्टोबर १९२९मध्ये जेरुसलेमला अरब स्त्रियांची पहिली परिषद भरली. दोनशेहून जास्त बायका जमल्या. त्यांच्या शिष्टमंडळानं ब्रिटिश हायकमिशनरसमोर मागण्या ठेवल्या आणि मग शहरातून मोटारींचा ताफा काढला. १९३३मध्ये ब्रिटिश सेनानी ॲलनबी जेरुसलेमला आला, तेव्हा निषेध करताना ख्रिस्ती मतील मुघन्नम मशिदीत बोलल्या आणि मुस्लिम तरब अब्दुल हादी पवित्र कबरीच्या चर्चमध्ये. धर्माच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी हे दृश्य जरूर डोळ्यांसमोर आणावं.

पुढे १९६५ साली समीहा खलील यांनी अल-बीरेमध्ये ‘इनआश अल-उसरा’ ही संस्था उभी केली. बायकांना शिवण, भरतकाम, स्वतःची कमाई, अनाथांना आधार, असं तिचं काम. याच समीहाबाई १९९६च्या पॅलेस्टिनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत थेट यासर अराफत यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. हरल्या, पण उभ्या राहिल्या. पहिल्या इंतिफादात, म्हणजे १९८७पासूनच्या इस्रायलविरोधी उठावात, इस्रायलनं शाळांना कुलूप लावलं, तेव्हा घराघरांत वर्ग चालवण्यात बायकाच पुढे होत्या. २००९मध्ये खुलूद अल-फकीह आणि अस्महान अल-वुहैदी वेस्ट बँकेत शरिया न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. काझीच्या खुर्चीत बाई! ही यादी आणखी लांबवता येईल, पण मुद्दा पोचला असेल.

आता ‘तिचेच पुरुष’. हे अर्धं खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. बलात्कार करणाऱ्यानं पीडितेशीच लग्न केलं की शिक्षा टळायची, अशी तरतूद वेस्ट बँकेत २०१८पर्यंत होती. फेब्रुवारी २०२१मध्ये गाझात तिथली सत्ता हाती असलेल्या हमासच्या न्याय परिषदेनं अविवाहित बाईला प्रवासासाठी पालकाची परवानगी लागेल असा हुकूम काढला. गाझातल्याच बायकांनी आरडाओरडा केल्यावर तो सौम्य झाला, पुरता गेला नाही. २०१९मध्ये बेथलेहेमजवळ एका तरुणीचा घरच्यांच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा ‘तलअत’ नावानं बायका रामल्ला, गाझा, जेरुसलेम, हैफा अशा कितीतरी शहरांत एकाच दिवशी रस्त्यावर आल्या. बायका मोकळ्या नसतील तर देशही मोकळा नाही, ही त्यांची घोषणा. म्हणजे घरच्या पुरुषांना जाब विचारायचं काम फॉरवर्ड लिहिणाऱ्यांच्या कितीतरी आधी त्यांनीच हाती घेतलं आहे.

पण उरलेलं अर्धं? समजा, वेस्ट बँकेतल्या एका वस्तीत नवरा बायकोला मारतो आणि तिनं पोलिसांना फोन लावला. वस्ती ‘सी’ भागात, म्हणजे पूर्णपणे इस्रायली लष्कराच्या ताब्यातल्या भागात असेल, आणि वेस्ट बँकेचा सुमारे ६० टक्के भाग ‘सी’ आहे, तर पॅलेस्टिनी पोलिसांना तिथे जायला आधी इस्रायली लष्कराची संमती लागते. ती येईपर्यंत बाई आणि नवरा एकाच छपराखाली. कौटुंबिक हिंसेविरुद्धच्या कायद्याचा मसुदा कित्येक वर्षं पडून आहे. त्याला धर्मगुरूंचा आणि जमातींचा विरोध आहे, शिवाय २००७मध्ये हमास आणि फतह या पक्षांची फाटाफूट होऊन गाझा आणि वेस्ट बँक वेगळे पडल्यानंतर संसदच एकत्र भरलेली नाही. २००३च्या इस्रायली कायद्यानं वेस्ट बँकेच्या नवऱ्याला शहरात राहण्याचा हक्क नाकारून जेरुसलेमच्या पॅलेस्टिनी बाईपुढे कोडं टाकलं: नवऱ्याजवळ राहायला जा आणि शहरातला रहिवासाचा हक्क घालवण्याची जोखीम घे, किंवा शहरात राहा आणि नवऱ्याविना राहा. हा कायदा २०२१मध्ये संपला, २०२२मध्ये परत आला. आणि २०००नंतरच्या काही वर्षांत साठहून जास्त बायका नाक्यांवर अडकून तिथेच बाळंत झाल्या, तीसहून जास्त बाळं दगावली, अशी संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत नोंद आहे. तिथे नवरा आडवा आला नव्हता.

राहिला ढोंगीपणा. ७ ऑक्टोबर २०२३च्या हमासच्या हल्ल्यात इस्रायली बायकांवर लैंगिक अत्याचार झाले असं मानायला वाजवी आधार आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधी प्रमिला पॅटन यांनी मार्च २०२४च्या अहवालात म्हटलं. गाझाबद्दल बोलणाऱ्या ज्या कुणी त्यावर मौन पाळलं, त्यांना जरूर धारेवर धरा, मीही धरीन. पण त्यामुळे पॅलेस्टिनी बाईचं गाऱ्हाणं खोटं ठरत नाही.

आणि मोजायचंच तर दोन्हीकडून मोजू. ऑक्टोबर २०२१मध्ये इस्रायलनं सहा पॅलेस्टिनी संस्थांवर दहशतवादी असा शिक्का मारला. त्यातली एक ‘पॅलेस्टिनी महिला समित्यांचा संघ’, म्हणजे बायकांचीच संघटना. जुलै २०२२मध्ये जर्मनी, फ्रान्ससह नऊ युरोपीय देशांनी सांगितलं की आरोप पटण्याजोगं काही आम्हाला मिळालेलं नाही, आम्ही या संस्थांबरोबर काम चालू ठेवू. पुढच्याच महिन्यात सैनिकांनी त्यांच्या रामल्लातल्या कार्यालयांवर छापे घातले आणि दारं बंद केली. पॅलेस्टिनी बाईच्या काळजीनं व्याकूळ झालेला एकही मजकूर तेव्हा माझ्या फोनवर आला नव्हता.