कवितेवरचे चार गुण

दहावीच्या वर्गात सध्या कवितेचा अभ्यास म्हणजे कविता सोडून बाकी सगळं वाचणं. कवीची माहिती, संग्रहाचं नाव, मध्यवर्ती कल्पना, संदेश आणि रसग्रहणाचे तीन तयार परिच्छेद. हे सगळं घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला कविता एकदा मोठ्यानं वाच म्हटलं की दुसऱ्या कडव्यात अडखळतो, कारण तिथवर तो कधी गेलेलाच नसतो. मी मराठी शिकवते आणि पूर्वपरीक्षेचे गठ्ठे तपासते, त्यामुळे हे काही ऐकीव नाही.

शाळा सुटून बरीच वर्षं झालेल्यांसाठी थोडक्यात सांगते. दहावीच्या मराठीची, म्हणजे कुमारभारती या पाठ्यपुस्तकाची, लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तीन तासांची. त्यात पद्य विभाग १६ गुणांचा, आणि त्यातले ४ रसग्रहणाचे. दोन ओळी छापून दिलेल्या असतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं या तीन अंगांनी त्यांच्याविषयी लिहायचं. गुणांच्या हिशेबानं वाट्याला नऊ मिनिटं येतात.

या तीन मथळ्यांवर माझा राग नाही. उलट पंधरा वर्षांच्या मुलाला कविता धरायला कुठूनतरी कडा लागते, ती या मथळ्यांनी मिळते. भांडण आहे ते मथळ्यांखाली जे भरलं जातं त्याच्याशी. "कवीने साध्यासोप्या भाषेत मोठा आशय मांडला आहे. शब्दरचना ओघवती असून मनाचा ठाव घेते." हे वाक्य मी नारायण सुर्व्यांच्या कवितेखाली वाचलंय आणि मोरोपंतांच्या 'भरतवाक्या'खालीही. अठराव्या शतकातले पंडित कवी, पृथ्वी वृत्त, ओळीला सतरा अक्षरं, 'घडो, पडो, झडो' असा आतल्या आत घुमणारा यमकांचा नाद, आणि म्हणे साधीसोपी भाषा! "कुठल्याही कवितेला चालेल असं एकच रसग्रहण" शिकवणारे व्हिडिओ आहेत. मुलं ते बघतात. ते खरंच चालतं आणि गुणही पडतात, हे जास्त वाईट.

आता सुर्व्यांची 'दोन दिवस' ही कविता घ्या. सुर्व्यांबद्दल मुलांना पाठ असतं: "प्रसिद्ध कामगार कवी." संपलं. हे रस्त्यावर सापडलेलं मूल एका गिरणी कामगारानं वाढवलं, पुढे हा माणूस शाळेत शिपाई होता आणि नंतर मुंबई महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाला, हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची मान वर होते. मग त्याच कवितेतलं 'याच शाळेत शिकलो' वेगळं ऐकू येतं. (शाळेत शिपाई असलेल्या माणसाची कविता आपण शाळेत पाठ करून ओकायला लावतो, यावर एखाद्या सुर्व्यांनीच लिहावं.)

दुसऱ्याच ओळीत कवी हिशोब मांडतो, डोक्यावर किती 'उन्हाळे' राहिलेत त्याचा. आपण वय पावसाळ्यांत मोजतो. "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत" असं घरोघरी म्हणतात. हा माणूस उन्हाळे मोजतोय, तेही अजून यायचे असलेले. वर्गात एवढाच प्रश्न टाकायचा, "पावसाळे का नाही लिहिलं?", आणि गप्प बसायचं. पाच मिनिटांत निम्मं रसग्रहण मुलंच बोलून दाखवतात. कोणी म्हणतं चटका, कोणी म्हणतं उन्हात काम करणाऱ्यालाच असं सुचेल. यातलं एकही उत्तर गाईडमध्ये मला दिसलेलं नाही.

आणि तो 'भाकरीचा चंद्र'. सगळे लिहितात, "येथे रूपक अलंकार साधला आहे." साधला आहे, बरोबर. पण त्याच्या आधीची ओळ कोणी बघत नाही. चंद्र येतो, तारे फुलतात, रात्र धुंद होते, म्हणजे इथपर्यंत एखादं गोड भावगीत चाललंय असं वाटतं. आणि पुढच्याच ओळीत चंद्र भाकरीचा होतो आणि 'जिंदगी बरबाद' होते. 'आयुष्य वाया गेले' असं नाही, 'जिंदगी बरबाद'. हे गिरणगावातल्या बोलण्यातले शब्द आहेत. ती धुंद रात्र या माणसाच्या डोक्यावरून शेकडो वेळा गेली आणि त्याला वर बघायला सवड नव्हती. हे भाषिक वैशिष्ट्य म्हणून लिहायचं की आशय म्हणून? कुठेही लिहा, मी गुण देते.

म्हणूनच माझ्या वर्गात रसग्रहणाची तयारी उलट्या बाजूनं चालते. आधी भाषा, आशय शेवटी. आशयापासून सुरुवात केली की मुलं कवितेचं गद्य करून मोकळी होतात. कुठला शब्द खटकला, कुठला अनपेक्षित आला, कुठे थांबावं लागलं, यापासून सुरुवात केली की आशय आपोआप हाताला लागतो. लिहिताना क्रम परीक्षेचा ठेवा, विचार करताना नको.

दिलेल्या मुद्द्यांवरून कवितेविषयी लिहायच्या प्रश्नात 'संदेश' विचारतात, त्यानं तर फार नुकसान केलंय. 'दोन दिवस'मध्ये कसला संदेश? तो एका माणसानं मांडलेला आयुष्याचा ताळेबंद आहे. तरी मुलं लिहितात, "कष्ट करत राहावे, हा संदेश कवी देतात." सुर्वे असं काही देत नाहीत. रामदासांच्या 'उत्तमलक्षण'ला हा प्रश्न शोभतो, तिथे कवी स्वतःच सांगायला बसलाय. सरसकट सगळ्यांना विचारला की प्रत्येक कवितेचा फळ्यावरचा सुविचार होतो.

त्यातच एक गंमतशीर मुद्दा येतो, 'कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण'. चांगला प्रश्न. पण 'न आवडण्याचे' कारण लिहिलेली उत्तरपत्रिका माझ्या हातात अजून आलेली नाही. सगळ्या मुलांना सगळ्या कविता आवडतात! एकदा वर्गात विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, उगाच रिस्क कशाला?" पोरगं खोटं बोललं नाही.

आता माझं म्हणणं. गद्य विभागात अपठित उतारा असतो, ४ गुणांचा. मग कवितेला का नाही? सहा-आठ ओळींची न शिकवलेली कविता द्या, कवीचं नावसुद्धा देऊ नका, आणि रसग्रहणाचे गुण तिच्याकडे वळवा. पाठ केलेलं काहीच चालणार नाही, म्हणून कविता वाचावी लागेल. मग नववीपासूनच शिक्षकांनाही उत्तरं लिहून देण्याऐवजी वाचायला शिकवावं लागेल. त्रास आम्हालाच जास्त होईल, हे मान्य.

यावर हमखास येणारा आक्षेप: खेड्यातली मुलं मार खातील, पाठांतरानं निदान पास तरी होतात. मला हे पटत नाही. गेल्या वर्षी एका मुलीनं भाकरीच्या चंद्राबद्दल लिहिलं होतं, "चंद्र सगळ्यांना दिसतो पण आणता कुणालाच येत नाही, तशी त्यांची भाकरी." तिचे आईवडील सहा महिने ऊसतोडीला असतात. ती कुठल्या क्लासला जात नाही. शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, मी चारपैकी चार दिले. आणि चुकायचं म्हणाल तर आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकांनी केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता दिल्या होत्या. त्या विद्यार्थ्यांनी किती चित्रविचित्र अर्थ लावले ते रिचर्ड्स यांच्या १९२९च्या पुस्तकात छापलेलं आहे. तिथली शिकलेली पोरं घसरली, मग आमची घसरली तर काय बिघडलं? तपासणाऱ्यानं मात्र अर्थ जुळतोय का हे न बघता, अर्थ कवितेतल्या शब्दांवर उभा आहे का हे बघायला हवं.

परीक्षा मंडळ हे कधी करेल ते करो. मी या सत्रापासून नववीच्या चाचणीत एक अपठित कविता टाकणार आहे, मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली आहे. माझ्याकडचा साठा लवकर संपेल. तेव्हा शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि इतर वाचकांनो, सहा-आठ ओळींच्या कविता सुचवा. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी काहीही चालेल. अट एकच, कुठल्याही गाईडमध्ये नसावी.