'एक थेंब लागला की कॅन्सर' म्हणे!

परवा ताईने एक फॉरवर्ड पाठवला आणि पाठोपाठ फोन केला, "अगं, हिला बायोटेकला घातलं ते चुकलं का आमचं?" भाची एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि मी याच विषयाची प्रॅक्टिकल्स घेते. असल्या मेसेजना एरवी मी उत्तर देत नाही. पण घरातच येऊन पोचला म्हटल्यावर गप्प बसवेना.

मजकूर थोडक्यात असा: डीएनए तपासणाऱ्या लॅबमध्ये एथिडियम ब्रोमाइड नावाचं 'जहर' वापरतात. त्याचा एक थेंब त्वचेला लागला की ते डीएनएला कायमचं चिकटतं आणि कॅन्सर होतोच. परदेशात त्यावर बंदी आहे. त्यातून निघणारा नारिंगी उजेड म्हणजे रेडिएशन. सांडलं तर लगेच हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच) ओता आणि सिंकमध्ये सोडून द्या. आता डीएनए दिसावा म्हणून वापरायचे 'सेफ' डाय, म्हणजे रंग, आलेत, त्यांना ग्लोव्हजही लागत नाहीत. खाली अर्थातच 'प्रत्येक पालकापर्यंत पोचवा'.

आधी तो थेंब. ईटीबीआर (लॅबमध्ये पूर्ण नाव कोण घेतंय!) डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांमधल्या फटीत जाऊन बसतं, हे खरं. तिथे बसलं की यूव्ही, म्हणजे अतिनील, किरणांखाली त्याची चमक वीसेक पटींनी वाढते, म्हणून तर जेलमध्ये (ज्यातून डीएनएचे तुकडे वेगळे करतात त्या जेलीच्या वडीत) डीएनएचे बॅन्ड, म्हणजे पट्टे, दिसतात. पण 'कायमचं चिकटतं' हे कुठून आणलं? ते निघून येतं. जेलमधून कापून घेतलेल्या डीएनएतून ते ब्युटॅनॉलने काढून टाकायची पद्धत कितीतरी जुनी आहे.

आणि 'एका थेंबात कॅन्सर'वाल्यांनी जरा आफ्रिकेतल्या गुरांकडे बघावं. त्सेत्से माशीमुळे होणाऱ्या ट्रायपॅनोसोम या परजीवीच्या रोगावर हेच रसायन 'होमिडियम' या नावाने 1950च्या दशकापासून गुरांना टोचत आले आहेत. डोस किलोमागे 1 मिलिग्रॅम, म्हणजे 300 किलोच्या गाईला 300 मिलिग्रॅम. आमच्या 50 मिलीच्या जेलमध्ये, मिलीला 0.5 मायक्रोग्रॅम धरलं, तर सगळं मिळून 25 मायक्रोग्रॅम असतं. एका गाईच्या इंजेक्शनात बारा हजार जेल होतील!

आता जे कबूल करायला हवं ते करते. त्या गाईंना पुढे कॅन्सर झाला का, हे तपासायला कोणी त्यांच्या मागे फिरलेलं नाही, त्यामुळे 'गाईला चालतं म्हणून आपल्यालाही चालेल' असं मी म्हणणार नाही. शिवाय एम्स टेस्टमध्ये, म्हणजे जिवाणूंवरच्या चाचणीत, यकृतातली एन्झाइम्स सोबत घातली की ईटीबीआर म्युटेशन, म्हणजे डीएनएत बदल, घडवतं. म्हणून ग्लोव्हज हवेतच, नायट्राइलचे. कोरडी पावडर तर विद्यार्थ्यांनी तोलूच नये, ती श्वासात जाणं खरंच वाईट. तयार द्रावण विकत मिळतं, ते घ्या. पण माणसाला यामुळे कॅन्सर झाल्याचा पुरावा आजवर कोणी दाखवलेला नाही, आणि मेसेज तर 'होतोच' म्हणून मोकळा झालाय.

खरा संताप आला तो हायपोवर. बाकीचं वाचून माणूस फार तर घाबरेल, हे वाचून मात्र तो काहीतरी करून बसेल. आपल्याकडे प्रत्येक लॅबच्या सिंकखाली हायपोचा कॅन असतोच. ओतला की ईटीबीआरचा रंग उडतो आणि समोरच्याला वाटतं, गेलं एकदाचं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या क्विलार्डे आणि हॉफनुंग यांनी 1988 साली नेमका यावरच इशारा दिला होता. ब्लीचने ईटीबीआरचा मूळ परिणाम खूप कमी होतो, पण त्यातून जे नवं तयार होतं ते यकृताच्या एन्झाइम्सशिवायच म्युटेशन घडवतं. म्हणजे ज्या रसायनाला आधी शरीराची मदत लागत होती, त्याला आता तीही लागत नाही. आणि हे म्हणे सिंकमध्ये सोडा! पातळ द्रावण असेल तर ते अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलमधून गाळायचं आणि तो चारकोल, जेलचे तुकडे, ग्लोव्हज असं सगळं वेगळ्या पिशवीत भरून घातक कचऱ्यात द्यायचं. काम कंटाळवाणं आहे, फॉरवर्ड करण्याइतकं सोपं नाही.

'सेफ' डायबद्दल. ते चांगले आहेत, मीही वापरते. काहींचे रेणू मुद्दाम इतके मोठे बनवलेत की पेशीच्या आवरणातून आत जाऊ नयेत. काही निळ्या उजेडात चमकतात, त्यामुळे यूव्हीची गरजच उरत नाही. पण म्हणून उघड्या हाताने? सायबर ग्रीन वनचं उदाहरण घ्या. अतिनील किरणांनी होणाऱ्या म्युटेशन्स ते ई. कोलाय या जिवाणूमध्ये ईटीबीआरपेक्षाही जास्त वाढवतं, असं जपानी संशोधकांना 2001 मध्ये दिसलं. शिवाय ते मिळतं डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवलेलं, आणि डीएमएसओ कातडीतून आरामात आत जातं. डीएनएला धरत नसेल तर तो डाय काय कामाचा, एवढा साधा विचारही कोणी करत नाही.

परदेशातल्या बंदीबद्दल वेळ घालवत नाही. अमेरिकेतल्या बड्या केमिकल कंपन्यांच्या यादीत ईटीबीआर आजही विकायला आहे. काही विद्यापीठांनी स्वतःहून वापर कमी केला, तेवढंच.

राहिलं 'रेडिएशन'. नारिंगी उजेड साधा उजेडच आहे. पण त्याच्या खाली जो ट्रान्सइल्युमिनेटर (जेल ठेवून बघायची झाकणाची दिव्याची पेटी) असतो, तो 302 नॅनोमीटरच्या आसपासचा यूव्ही फेकतो. आमच्याकडची मुलं फोटोत झाकणाची चमक येते म्हणून झाकण वर करतात आणि मोबाइल घेऊन जेलवर वाकतात. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, मनगट आणि बाही यांच्या मधली पट्टी लाल होते. एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये झाकण खाली ठेवा, फेस शील्ड घाला, असं एक वाक्य नाही.