पॉकेटपाशी खोल चिरा मारा म्हणे!

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. पूल टेबलचं कापड बदलायला माणूस कशाला, कटर, स्टेपल गन आणि इस्त्री असली की दोन तासांत काम फत्ते. बोहरी आळीतून हिरवं फेल्ट आणा, रेल (टेबलाच्या कडेचे रबर लावलेले कठडे) काढायची गरज नाही, आधी पॉकेटपाशी (बॉल पडतो त्या भोकापाशी) खोल चिरा मारा, मग कापड जोर लावून ओढा. चुण्या राहिल्याच तर पाणी शिंपडून इस्त्री फिरवा. बाणेर-वाकडच्या क्लबहाउसांमधली फाटक्या कापडाची टेबलं आठवून कमिटीवाले खूश झाले असणार. पण यातलं जवळपास सगळं चुकीचं आहे.

फेल्टचं आधी उरकतो. फेल्ट म्हणजे दाबून घट्ट केलेले तंतू, त्याला उभा-आडवा धागाच नसतो. टेबलचं कापड विणलेलं असतं, बहुतेक लोकर आणि थोडं नायलॉन. पॉकेटच्या कडेवरून खाली ओढलं की विणलेलं कापड ताण सोसतं. फेल्ट तिथेच फाटतं.

रेल न काढता कापड बसवणं तर शक्यच नाही. स्लेटवरचं (टेबलाच्या दगडी फरशीवरचं) कापड रेलच्या खालून पलीकडे जातं आणि स्लेटच्या कडेला किंवा तिच्याखालच्या लाकडाला चिकटवतात, नाहीतर स्टेपल करतात. रेल जागेवर ठेवून ब्लेड फिरवणारा माणूस नवं कापड नुसतं फटीत कोंबतो. पहिल्या जोरदार ब्रेकला (डाव सुरू करणाऱ्या फटक्याला) ते बाहेर डोकावायला लागतं.

आता चिरांचं बघू, कारण मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच आहे. पॉकेट शेवटी कापायचं असतं. आधी एक टोक पक्कं करायचं, मग लांबीत ओढून दुसरं, मग दोन्ही लांब बाजू, मधल्या पॉकेटपासून कोपऱ्यांकडे सरकत. ताण सगळीकडे सारखा बसला की मगच ब्लेड हातात घ्यायचं. आधीच चिरलं, तर नंतरच्या ओढीने प्रत्येक चीर लांबत जाते आणि थेट खेळायच्या जागेत शिरते. बरं, चीर किती? स्लेटच्या कडेच्या साधारण अर्धा इंच अलीकडेच थांबायचं. म्हणजे पॉकेटच्या पोकळीवर लोंबणाऱ्या कापडात मधून कडेच्या दिशेने चिरा द्यायच्या, इंचभर रुंदीच्या पट्ट्या पाडायच्या, आणि एकेक पट्टी खाली ओढून स्लेटच्या उभ्या बाजूला गोंदाने बसवायची. शेजारच्या दोन पट्ट्या थोड्या एकमेकींवर आल्या तरी बिघडत नाही, ते खाली झाकलं जातं. कडेपर्यंत चीर गेली की गोलाईवर राखाडी दगड दिसतो, आणि नेमका तिथूनच बॉल पॉकेटमध्ये उतरतो. दोरे सुटायला मग वेळ लागत नाही.

‘जोर लावून’ हाही फसवा सल्ला. सैल कापडावर बॉल मंदावतो हे खरं, पण दोघांनी रस्सीखेच केल्यासारखं ताणलं तर वीण विरळ होते आणि पॉकेटच्या तोंडाशी कापड लवकर झिजतं.

रेलच्या टोकांबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. गंमत म्हणजे पाहुण्यांच्या नजरेत आधी तीच भरतात. रेलचं कापड खाचेत लाकडी पट्टी ठोकून धरलेलं असतं. टोकाकडची काही इंच पट्टी न ठोकता ठेवायची, कापड पॉकेटच्या दिशेने ओढत टोकाच्या रबरावरून खाली वळवायचं, चुणी रेलच्या खालच्या अंगाला ढकलून तिथे स्टेपल मारायची आणि मगच पट्टी पूर्ण बसवायची. रबराच्या नाकावर एक घडी राहिली तरी बॉल तिथे वेडावाकडा उडतो.

इस्त्रीच्या सल्ल्यात अर्धं सत्य आहे. पीवायसीसारख्या जिमखान्यात स्नूकर खेळलेल्यांनी टेबलावर इस्त्री फिरताना पाहिली असेल. स्नूकरच्या कापडाला लव असते. ती बॉक (जिथून खेळ सुरू होतो ते टोक) ते काळ्या बॉलच्या बाजूला बसवण्यासाठी ती इस्त्री, तीही आधी ब्रश मारून आणि कमी तापमानावर. पूलच्या बिनलवेच्या कापडाला तिचं काम नाही. शिवाय तीन तुकड्यांच्या स्लेटचे सांधे अनेकदा मेणाने भरलेले असतात. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. घरची इस्त्री लोकरीच्या खुणेवर ठेवली तरी त्याच्या कितीतरी वर जाते.

आणि पाणी? ओली लोकर हवी तशी ताणली जाते, वाळली की मागे येते, आणि जाताना पॉकेटमधल्या चिकटवलेल्या पट्ट्या सोबत ओढते. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते की कापड मुळातच ओल धरून असतं. त्यामुळे काम निघालंच असेल तर ते दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत काढा आणि दोन तासांऐवजी अख्खा दिवस हाताशी ठेवा, कारण रेलच सहा असतात.