काल पाठ होता आज विसरला, म्हणून पोराला मारू नका

वाळवा तालुक्यातल्या झेडपी शाळेत शिकवते मी. खूप दिवस मनात होतं, आज लिहितेच.

ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेला एक पोरगा होता माझ्या वर्गात. चिंचोके मोजायला दिले की बारापर्यंत नीट मोजायचा आणि परत एकपासून सुरू. सोमवारी तीनचा पाढा घडाघडा, मंगळवारी पाटी कोरी. "दप्तर ठेव, खडू आण आणि येताना नळ बंद कर" म्हटलं की दप्तर ठेवून तिथंच उभा. मी त्याला आळशी म्हणाले, एकदा पाठीत धपाटा पण घातला, ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

मग एकदा त्याची आई बोलता बोलता म्हणाली, "बाई, ह्याच्या टायमाला दिवसभर मोळ्या वाहायच्या, अंग ठणकायचं, रात्री मालक प्यायचे त्यातली घोटभर मीबी घ्यायची, झोप तरी लागायची."

आता त्याला त्याचमुळं झालं असं मी नाही म्हणणार, ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण तेव्हापासून गरोदरपणात घेतलेल्या दारूबद्दल वाचत गेले. आईच्या रक्तातली दारू वारेतून थेट बाळाच्या रक्तात जाते, बाळाचं लिव्हर कच्चं, ते ती पचवणार कशी? आणि मेंदू नऊच्या नऊ महिने घडत असतो, त्यामुळं अमुक महिन्यात चालते, थोडी चालते, वाईन चालते असं काही नाही हो. पोटात असताना दारूनं बाळाला जी इजा होते, तिला १९७३ साली अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉक्टरांनी फीटल अल्कोहोल सिंड्रोम नाव दिलं. पण दारूचा परिणाम झालेल्या बहुतेक पोरांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. पोरगं गोड बोलतं, गणित, वेळ, पैसे मात्र डोक्यात टिकत नाहीत, मार खाल्लेला लक्षात राहतो पण कशासाठी खाल्ला ते सुटून जातं, मग आपण म्हणतो मुद्दाम करतंय.

आमच्याकडं गरोदर बाईला मिश्री लावतेस का विचारतात, दारूचं विचारायला सगळ्यांची जीभ अडते. आणि चुकून ती बोललीच तर तिलाच फाडून खातात, शेजारी बसून ओतून देणारा नामानिराळा! अशानं कोण खरं सांगेल? दिवस गेलेत हे कळायच्या आधी घेतली असेल तरी घाबरवू नका तिला, कळल्या दिवसापासून बंद केली तरी बाळाचा फायदाच आहे. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा वजन उंचीवर थांबू नका, असं पोरगं दाखवा त्यांना.

मी नंतर त्याला एका वेळी एकच काम सांगायला लागले, ते झालं की दुसरं. खडू आणून हातात द्यायचा आणि माझ्या तोंडाकडं बघत थांबायचा, पुढचं सांगा म्हणून.

कारखाना बंद झाला तशी टोळी गेली. पुढच्या शाळेतल्या बाईंसाठी मी एका कागदावर हेच सगळं लिहून दिलं. आईला वाचता येत नव्हतं, तिनं तो रेशनकार्डाच्या घडीत ठेवला.