अंड्याच्या कवचात रोपं? आधी तळाचं भोक बघा

मृग जवळ आला की दरवर्षी एक संदेश फोनाफोनांतून फिरायला लागतो. सोबत फोटो असतो: ट्रेमध्ये ओळीनं मांडलेली अंड्याची अर्धी कवचं आणि प्रत्येकात टोमॅटोचं दोन पानांचं रोप. मजकूर साधारण असा : रोपवाटिकेत पैसे घालू नका, घरातला कुठलाही रिकामा डबा चालतो. अंड्याच्या कवचात बी लावा, रोपाला कॅल्शियम मिळेल, मग कवचासकट मातीत पुरा. डब्याला भोक पाडता येत नसेल तर तळाशी खडे घाला. कागदी कप तर मातीत आपोआप कुजतो. वरून बाटली उपडी घातली की हरितगृह तयार.

घरातल्या रिकाम्या डब्यांत रोपं करावीत, या मताची मी पूर्वीपासून आहे. म्हणूनच हा संदेश जास्त खटकतो. पहिल्यांदाच बी लावणारी माणसं तो वाचून कामाला लागतात, आठवड्याभरात रोपं आडवी होतात आणि ‘आपल्या हाताला गुणच नाही’ म्हणून ती नाद सोडून देतात. दोष हाताचा नसतो.

आधी कॅल्शियम. कवच जवळजवळ सगळंच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, इथपर्यंत संदेश खरा आहे. पण ते पाण्यात फारच थोडं विरघळतं, त्याला माती आम्लधर्मी लागते आणि वेळही बराच लागतो. महिनाभराच्या रोपाच्या पदरात त्यातलं काही पडत नाही. कोवळ्या रोपाची पहिली शिदोरी बियातच बांधलेली असते. शिवाय देशावरच्या काळ्या मातीत कॅल्शियमची वाण नाही, उलट ती बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्तच असते. कोकणातली जांभी माती आम्लधर्मी, तिथे कवचांची बारीक पूड मिसळली तर कालांतरानं उपयोग होतो. पूड मात्र हवी, अख्खं कवच तिथेही काही देत नाही. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडायला लागलं की पुन्हा कवचांचाच सल्ला मिळतो. कुंडीत त्याचं नेहमीचं कारण म्हणजे पाण्यातली अनियमितता. एक दिवस मुबलक पाणी आणि दोन दिवस कोरडं ठेवलं, तर मातीत असलेलं कॅल्शियमही फळापर्यंत पोचत नाही.

‘कवचासकट पुरा’ हे त्याहून वाईट. असं पुरलेलं, वाढ खुंटलेलं रोप उकरून बघा. कवच जसंच्या तसं असतं आणि आतल्या पापुद्र्याला लागून पांढरी मुळं गोल गोल फिरलेली दिसतात. बाहेर जायला त्यांना वाटच मिळालेली नसते. कवच वापरायचंच असेल तर तळाला सुईनं भोक पाडा आणि लावताना ते मुठीत हलकं दाबून चुरडा.

जागेचाही प्रश्न आहेच. कवचात जेमतेम दोन मोठे चमचे माती मावते. टोमॅटोचं रोप लावणीला यायला 25 ते 30 दिवस लागतात, मिरचीचं 35 ते 40. यावर कुणी म्हणेल, रोपवाटिकेतल्या 98 कप्प्यांच्या ट्रेमध्येही जवळपास एवढीच जागा असते. असते, खरं आहे. पण तिथे कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा असतो, उन्हात दिवसातून दोन-तीनदा झारीनं पाणी मिळतं, पाण्यात विरघळणाऱ्या खताची हलकी मात्रा मिळते आणि प्रत्येक कप्प्याला खाली भोक असतं. सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या माणसाच्या खिडकीत दोन चमचे माती दुपारपर्यंत वाळून जाते.

आता खड्यांचं बोलू, कारण सगळ्यात जास्त रोपं तिथेच जातात. भोक नसलेल्या डब्यात पाणी जाणार कुठे? ते खड्यांत साठतं, वर चढतं आणि मुळं त्यात बुडून गुदमरतात. भोक असलं तरी खड्यांचा थर फायद्याचा नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती तुडुंब भिजेपर्यंत ते सीमेवर अडून राहतं. म्हणजे एरवी डब्याच्या तळाशी राहणारा चिखलाचा पट्टा खड्यांमुळे वर सरकतो, थेट मुळांपाशी. भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा. ठिबकायचा थांबला की उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. मातीचंही असंच आहे, थर जितका उंच तितकं पाणी जास्त निथळतं. खडे घालून आपण तीच उंची कमी करतो. भोकातून माती वाहू नये म्हणून त्यावर एखादी खापरी ठेवायला हरकत नाही, तेवढं पुरे.

साचलेल्या ओलीचा परिणाम ओळखायला सोपा आहे. रोप वरून हिरवंगार असतं, पण मातीलगतचं देठ पाणी भरल्यासारखं होऊन दोऱ्याएवढं बारीक होतं आणि रोप तिथेच मोडून पडतं. हीच रोपांची कोलमड. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींमुळे ती होते. या बुरशी मातीत असतातच, साचलेली ओल आणि दाट पेरणी त्यांच्या पथ्यावर पडते. संदेशाच्या काही आवृत्त्यांत चहाचा चोथा घालायलाही सांगतात. दूध-साखरेचा चोथा न धुता घातला, तर बुरशी आणि मुंग्या दोघींनाही आमंत्रण.

कागदी कप कुजत नाही. त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर त्यात चहा टिकतो. वर्तमानपत्राचा पेला गुंडाळलात तर तो कुजतो. फक्त मातीच्या वर राहिलेली कड फाडून टाका, नाहीतर ती वातीसारखी ओल वर खेचते.

बाटली उपडी घालायची युक्ती थंड मुलखातली आहे. तिथे वसंताच्या सुरुवातीलाही बाहेर बर्फ असतो, बियांना ऊब द्यावी लागते. आपल्याकडे मे-जूनच्या उन्हात बाटलीखाली बी शिजतं. टोमॅटोच्या बियांना 20 ते 30 अंश पुरतात. डबा सावलीत ठेवा, वर ओलं गोणपाट टाका आणि पहिला कोंब दिसला त्याच दिवशी ते काढून डबा उजेडात न्या.

मग घ्यायचं काय? माझी पहिली पसंती दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीला. वरची कड पूर्ण कापा आणि साबणानं धुऊन घ्या, स्निग्धपणा राहिला तर मुंग्या येतात. तळाचे दोन्ही कोपरे आत दुमडले की ती उभी राहते. जाड दाभणानं तळाशी आणि बुडालगत बाजूंना सात-आठ भोकं पाडा. मुळांना खोली मिळते, ती पिशवीच्या आकारातच आहे. नारळाची करवंटीही उत्तम, तिच्या मऊ डोळ्यातून खिळा सहज आरपार जातो. श्रीखंडाचा किंवा दह्याचा डबा चालतो. पारदर्शक असेल तर भोवती कागद गुंडाळा, म्हणजे शेवाळ धरत नाही. रंगाचे, कीटकनाशकाचे, संडास साफ करायच्या द्रवाचे डबे मात्र खायच्या भाजीसाठी कितीही धुतले तरी घेऊ नका.

मुळा, गाजर थेट जागेवरच पेरावेत. काकडी, दोडका, कारलं पिशवीत करता येतं, पण बियातून आलेल्या पहिल्या दोन दलांनंतरची दोन-तीन खरी पानं आली की मातीच्या गड्ड्यासकट हलवा, मूळ दुखावलं तर वेल बसतो. लावणीच्या दिवशी पिशवी उभी चिरून काढा आणि सुक्या कचऱ्यात टाका.